अहिररावांची बारी

दगडू देवरे पाटकरी होते. दगडूंचे प्रल्हाद, तेही पाटकरी. प्रल्हादांचे एकनाथ, त्यांचेही अवघे आयुष्य पांझरा नदीच्या पाटावर गेले. या तीन पुरुषांना गावाने कधी पाटीलकी दिली नाही की पहिल्या पंगतीचा मान दिला नाही; पण उन्हाळा चढू लागला की भल्याभल्यांच्या नजरा त्यांच्या हातातल्या फावड्याकडे लागत. एकनाथांना मुलगा झाला नाही. झाली ती सुनेत्रा, आणि घराण्याचे काम चौथ्या पिढीत तिच्या हाती आले, तेही पांझरेपासून सातासमुद्रापार, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात.

पाटकऱ्याचे काम काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना एवढे सांगितले पाहिजे. नदीवरच्या बंधाऱ्यातून निघालेले पाणी पाटाने गावशिवारात येई आणि शेताशेताला ठरल्या क्रमाने मिळे. या क्रमातल्या आपल्या वाट्याला बारी म्हणत. बारी कोणाची, ती केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे पाटकरी सांगेल ते खरे. बारी नसताना ज्याने पाणी वळवले त्याची पुढची बारी गेली, मग तो पाटील असो की पाटकऱ्याचा सख्खा भाऊ. आणि पाटकऱ्याचे स्वतःचे शेत सर्वांत शेवटी भिजे. असे का, म्हणून कोणी कधी विचारले नाही.

सन एकोणीसशे पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत पाऊस रुसला. राज्याने पाण्यावर निर्बंध घातले, घराघरांपुढची हिरवळ पिवळी पडली, गाड्या धुणे बंद झाले. पार्सिपनी गावातल्या मराठी कुटुंबांत, जिथे कोणाला टंचाईची आठवण उरली नव्हती, तिथे न्हाणीघरात पुन्हा बादल्या दिसू लागल्या. पार्सिपनीपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, एका टेकडीवर, सुनेत्रा शिकवत होती ते विद्यापीठ होते. टेकडीला पाणी स्वतःच्या विहिरींचे. त्या विहिरींची पातळी जूनमध्येच अशी खाली गेली की डीन व्हिटकोमने उन्हाळी सत्र गुंडाळून मुलांना घरी पाठवायचे ठरवले.

त्या सत्रात सुनेत्राचा एक वर्ग होता आणि तो वर्ग खोलीत भरत नसे. तिचे विद्यार्थी तळघरांत उतरून नळांचे जाळे कागदावर काढत, भोजनगृहातले उरलेले अन्न तोलत, बॉयलरची वाफ कोठे वाया जाते ते हात भाजून घेऊन शोधत. ज्या इमारतींत आपण राहतो त्या काय खातात, काय पितात आणि काय टाकून देतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने इंजिनिअर म्हणवून घेऊ नये, असे तिचे म्हणणे होते. प्राध्यापकांच्या चहाच्या खोलीत या वर्गाला ‘प्लंबरांची शाळा’ म्हणत. सुनेत्राने ते कधी मनावर घेतले नाही. पाटकऱ्याच्या मुलीला याहून वाईट ऐकण्याची सवय होती.

ती डीनच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच बोलली.

“टेकडी रिकामी करू नका. पाणी माझ्या वर्गाच्या हाती द्या.”

डीन व्हिटकोम हा उंच, सावध माणूस होता. त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “डॉक्टर देवरे, हा खेळ नाही. टाकी कोरडी पडली आणि वसतिगृहाला आग लागली, तर मी काय तुमच्या विद्यार्थ्यांचे तक्ते फवारू?”

“म्हणूनच म्हणते, द्या. टाकीत आगीसाठीचं पाणी राखून उरलेलं आम्ही बारीनं वाटू. प्रत्येक फाट्यावर मीटर बसवू. रोजचा आकडा ग्रंथालयापुढच्या फळ्यावर खडूनं लिहू. ज्याला शंका असेल त्यानं वाचावं.”

“आणि कोणी बारी नसताना घेतलं तर?”

“त्याची पुढची बारी जाईल.”

“छान. माझीही एक अट ऐका.” डीनने बोट उचलले. “चोरी झाली आणि ती तुम्हाला निस्तरता आली नाही, तर त्याच दिवशी व्हॉल्व्हची चावी माझ्या टेबलावर येईल. मुलं घरी जातील. आणि या असल्या वर्गाचं नाव पुन्हा माझ्यापुढे कोणी काढायचं नाही.”

सुनेत्राने मान डोलावली. ती चावी म्हणजे कमरेएवढ्या उंचीचा एक लोखंडी दांडा होता, खाली चौकोनी तोंड आणि वर आडवी मूठ. जमिनीत पुरलेले व्हॉल्व्ह एरवी तिच्यानेच फिरत. पहिल्या दिवशी ती हातात घेतली तेव्हा तिला वाटले, हिचे वजन फावड्यापेक्षा फारसे वेगळे नाही.

अध्यक्षांच्या बंगल्यापुढची हिरवळ पहिल्याच आठवड्यात वाळली. फुटबॉलचे मैदान भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे झाले. भोजनगृहात ताटे धुणे थांबले आणि कागदाच्या थाळ्या आल्या. वसतिगृहांतल्या मुलांनी आधी शिव्या दिल्या, मग फळ्यापुढे गर्दी करून कोणत्या मजल्याने कमी पाणी वापरले यावरून पैजा लावल्या. वाटणीच्या क्रमात सर्वांत शेवटी एक नाव होते: ‘बोरूचा वाफा, देवरे.’

हा वाफा सुनेत्राच्या तीन वर्षांच्या संशोधनाचा जीव होता. भोजनगृहाचे धुण्याचे पाणी तळ्याकाठच्या बोरूंच्या, म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या उंच गवताच्या, मुळांतून मुरवून स्वच्छ करायचे, असा तो प्रयोग. येत्या शरदात तिची नोकरी कायम व्हायची की नाही याचा निर्णय होणार होता आणि तो या वाफ्याच्या मोजमापांवर ठरणार होता. ताटे धुणे थांबताच वाफ्याचे अन्नच तुटले. आता नळाच्या एका बारीवर तो कसाबसा ओला राहत होता. मुळे एकदा सुकली की त्यांच्यात वाढलेले सूक्ष्म जीव मरणार, आणि मग सगळे पहिल्यापासून. म्हणजे तिच्यासाठी, या विद्यापीठात तरी, काहीच नाही.

वाफ्याला लागूनच कृषिविभागाचे ग्रीनहाउस होते, आणि त्यात संजीव अहिरराव होता.

आता या संजीवची ओळख नीट करून दिली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळे घडले. तो सुनेत्राच्याच गावचा, त्र्यंबकअप्पा अहिररावांचा धाकटा मुलगा; राहुरीच्या कृषी विद्यापीठातून येथे भुईमुगावर पीएच.डी. करायला आलेला. बहात्तरच्या दुष्काळात, बंधारा आटायच्या आधीची शेवटची बारी अप्पांची होती. एकनाथ देवऱ्यांचे एकुलते एक शेत, पाटकऱ्याचे म्हणून, शेवटच्या टोकाला उभे होते आणि तिथवर पाणी पोचणार नव्हते. अप्पा सगळ्या गावासमोर म्हणाले, “माझी विहीर अजून ओली आहे. माझी बारी एकनाथाला द्या.” एकनाथांचा गहू उभा राहिला. त्या गव्हावर सुनेत्रा पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. इकडे अप्पांची विहीर पंधरवड्यात आटली, गहू करपला, आणि दोन वर्षांत अहिररावांनी जमीन विकून धुळ्यात भाड्याच्या खोल्या घेतल्या. एकनाथ धान्य घेऊन गेले तेव्हा अप्पांनी पोते दारातून परत पाठवले. “बारी दिली आहे, बारीच घेईन,” म्हणाले. पण ज्याला शेतच उरले नाही त्याला बारी द्यायची कोठे? अप्पा गेले. देणे राहिले.

सुनेत्रा आणि संजीव या विषयावर कधीही बोलले नव्हते. दिवाळीला पार्सिपनीच्या कोणा काकूंच्या घरी भेटले की एकमेकांना चिवडा वाढत, आईवडिलांची चौकशी करत आणि त्या एका गोष्टीला वळसा घालून निघून जात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो तिच्याकडे आला. ती आटलेल्या तळ्याकाठी बोरूंच्या मुळांत हात घालून ओल बघत होती.

“ताई, एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“भुईमुगाला आऱ्या सुटायला लागल्यात.” फुलातून निघून जमिनीत शिरणारा तो नाजूक देठ, ज्याच्या टोकाला शेंग धरते, त्याला आरी म्हणतात, सुनेत्राला हे सांगावे लागत नव्हते. “माती कडक झाली तर आत शिरणार नाहीत. माझी बारी चार दिवसांनी आहे. तोवर उशीर होईल. मध्ये एकदा पाणी पाहिजे.”

“मध्ये कोणालाच नाही, संजीव.”

“मला माहीत आहे, रूल काय आहे. मी फक्त म्हणतोय, वन एक्स्ट्रा टर्न. छोटीशी. कोणाला कळणारही नाही.”

“मला कळेल ना.”

तो हसला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “तुम्ही देवरे लोक भारी कडक, यार. आमचे अप्पा म्हणायचेच.”

सुनेत्राने मुळांतून हात बाहेर काढला. तो यापुढे काय बोलेल याची तिने वाट पाहिली. पण तो पँटला हात पुसून, जसा आला तसा निघून गेला. त्याच वेळी तिने त्याला हाक मारायला हवी होती, असे तिला नंतर वाटले. पण कोणत्या शब्दांनी मारायची, हे तिला तेव्हा सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सीमा कुलकर्णी धावत आली. सीमा पार्सिपनीची, याच देशात जन्मलेली, वर्गातली सर्वांत चोख मुलगी. तिची आई सुनेत्राची मैत्रीण. म्हणून घरी ती सुनेत्राला मावशी म्हणे आणि टेकडीवर प्रोफेसर. आज कोणते म्हणावे हे तिला सुचत नव्हते.

“मावशी, प्रोफेसर, ग्रीनहाउसचा मीटर फिरलाय. काल संध्याकाळी मी स्वतः रीडिंग घेतलं. आज त्यांचा टर्न नाहीये. समवन इज चीटिंग!”

“मीटर बिघडला असेल.”

“आपल्या वर्गातल्या ब्रायननं चेक केला. मीटर ठीक आहे. आणि ग्रीनहाउसमधली जमीन ओली आहे.” सीमाने आवाज खाली आणला. “सगळ्यांना कळलंय. वसतिगृहातली मुलं फळ्यापुढे उभी आहेत. कोणीतरी डीनला फोन पण केला. ही इज कमिंग ॲट नून.”

सुनेत्राने ग्रंथालयापुढे जाऊन फळ्यावर नजर टाकली. ग्रीनहाउसच्या रांगेत सीमाने खडूने नवा आकडा लिहून त्याच्याभोवती वर्तुळ काढले होते. मुले सुनेत्राकडे पाहत होती. ती काय करते याकडे त्यांचे लक्ष होते, आणि तिलाही ते जाणवत होते. ती ग्रीनहाउसकडे चालू लागली.

आत दमट, गरम हवा होती. कुंड्यांच्या रांगा काळ्याशार भिजलेल्या. संजीव शेवटच्या रांगेपाशी पाठमोरा उभा होता.

“तू घेतलंस?”

“घेतलं.” तो वळला. डोळे लाल होते; झोपला नसावा. “आणि चोरी म्हणू नका, ताई. ती माझी बारी होती.”

“तुझी बारी उद्या आहे.”

“ती विद्यापीठाची. ही अप्पांची.” त्याचा आवाज चढला. “तेरा वर्षं झाली. धुळ्याच्या त्या खोलीत, पावसाळ्यात छत गळायचं ना, तेव्हा अप्पा बादली ठेवायचे आणि म्हणायचे, बघ, देवऱ्यांचं पाणी आलं. हसायचे. आम्ही पण हसायचो. मरेपर्यंत एकदाही तुमच्या बाबांना दोष दिला नाही त्यांनी. पण बारी तुमच्याकडे आहे, हे रोज सांगितलं. आणि इथे येऊन बघतो तर चावी पुन्हा देवऱ्यांच्या हातात! मला वाटलं, आता तरी घेता येईल. मागितली. तुम्ही नाही म्हणालात. मग रात्री झाकणात लांब पाना घालून मी माझ्या हातानं घेतली. फिटलं. आता हिशेब संपला.”

सुनेत्रा कुंड्यांकडे पाहत राहिली. हिरव्या पानांखाली बारीक आऱ्या मातीत टोचू पाहत होत्या. तिला वडिलांचा चेहरा दिसला. दारातून परत आलेले पोते खांद्यावर घेऊन अंगणात उभे राहिलेले एकनाथ देवरे.

“फिटलं नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“तू घेतलंस ते पाणी माझं नव्हतं. या टेकडीवरच्या सगळ्या पोरांचं होतं. त्यांच्या पाण्यातून माझ्या बापाचं देणं कसं फिटेल? ते होतं तिथेच आहे. आणि त्यावर आता तुझी चोरी चढली.”

संजीवचा चेहरा उतरला. असा विचार त्याच्या मनात आला नव्हता हे तिला स्पष्ट दिसले. मग तो हळूच म्हणाला, “सांगणार आहात?”

“फळ्यावर वर्तुळ काढलंय, संजीव. आता मी न सांगून काय होणार?”

“मीटर खराब होता म्हणा. ब्रायन पोरगा आहे, चुकला म्हणा. तुमचं ऐकतील सगळे.” तो एक पाऊल पुढे आला. “माझी पुढची बारी गेली तर हे सगळं जाईल, ताई. रात्री घाईत वरवर भिजवलंय, ते दोन दिवसही टिकणार नाही. उद्याची बारी गेली की त्यानंतरची आठवड्यानं. दोन वर्षांचं काम. माझा व्हिसा या कामावर आहे. तुम्हाला समजतंय ना?”

“समजतंय.” तिला खरोखरच समजत होते. तिच्या स्वतःच्या वाफ्याचे तसेच होते. “दुपारी फळ्यापुढे ये. तूच सांगितलंस तर बरं. नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

चावी खांद्यावर टाकून ती बाहेर पडली.

दुपारी ग्रंथालयापुढे, ओक वृक्षांच्या सावलीत, वर्ग गोळा झाला. वसतिगृहांतलीही मुले आली होती. पाण्यावाचून घामेजलेले दिवस काढल्यावर चोर कोण हे पाहण्याचा हक्क आपल्यालाही आहे असे त्यांना वाटत होते आणि ते चुकीचे नव्हते. डीन व्हिटकोम फळ्याशी उभा राहून वर्तुळातला आकडा वाचत होता.

“डॉक्टर देवरे,” तो म्हणाला, “आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं ते असं, की चोरी झाली आणि ती आम्हाला निस्तरता आली नाही तर चावी तुमच्याकडे.”

“शब्दांत शिरू नका.”

“मी शिरत नाही. तुम्ही घातलेली अट मी तुम्हालाच ऐकवते आहे.”

मागून कोणी तरी हसले. डीन हसला नाही. इतक्यात गर्दीतून संजीव पुढे आला. तो आला, याचे सुनेत्राला मनातून हायसे वाटले. चेहऱ्यावर तिने ते येऊ दिले नाही.

“मी पाणी घेतलं,” तो म्हणाला. “माझी बारी नसताना. मीटर आणि ब्रायन दोघेही बरोबर आहेत.”

एकच कालवा झाला. कोणी ओरडले, आम्ही तीन दिवस आंघोळ केली नाही. कोणी म्हणाले, भुईमुगासाठी? कोणी भुईमुगावरून काही तरी वाईट विनोद केला. संजीव मान खाली घालून उभा राहिला. सुनेत्राने ते होऊ दिले. मुलांचा राग खरा होता. तो त्यांना काढू देणे भाग होते. मग तिने चावीचे टोक फरशीवर आपटले.

“पुरे. आता नियम काय आहे, ते कोण सांगेल?”

“पुढची बारी जाते,” सीमा म्हणाली. तिने इंग्रजीत सांगितले, मग का कोण जाणे मराठीतही सांगितले.

“कोणाची?”

“ज्यानं घेतलं त्याची.”

“तो माझ्या गावचा असला तरी?”

सीमाने सुनेत्राकडे पाहिले, मग संजीवकडे. “तरीही,” ती म्हणाली.

“ग्रीनहाउसची उद्याची बारी रद्द. चोरलेलं पाणी त्यातून भरून निघेल. टाकीचा हिशेब जिथल्या तिथे. फळ्यावर लिही.” सुनेत्राने डीनकडे वळून विचारले, “निस्तरलं?”

डीनच्या आधी सीमाच मध्ये बोलली. “सर, चोरी पकडली कोणी? तुमच्या ऑफिसनं नाही. आम्ही पकडली, एका सकाळीत. दॅट्स द होल पॉइंट ऑफ द क्लास.”

“मला कळतो मुद्दा, मिस कुलकर्णी,” डीन म्हणाला. त्याने पुन्हा एकदा फळा वाचला, अगदी खालपर्यंत. “ठीक आहे. चावी राहू दे.”

मुले विखरू लागली. संजीव हललाही नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळत होते की त्याने मनातल्या मनात त्या कुंड्या उचलून कचऱ्यात टाकायला सुरुवात केली आहे.

“थांबा,” सुनेत्रा म्हणाली. “माझं संपलेलं नाही.”

सगळे थांबले.

“फळ्यावर शेवटी माझं नाव आहे. बोरूचा वाफा. माझी बारी आज आहे, संध्याकाळची. ती माझी आहे, इतर कोणाची नाही, हे सर्वांना मान्य आहे?”

मुलांनी माना हलवल्या. त्यांना काही उमगत नव्हते.

“माझी आजची बारी मी या संजीव अहिररावांना देते. सगळ्यांसमोर देते. माझ्या वडिलांवर यांच्या वडिलांची एक बारी होती. दुष्काळात घेतलेली. ती आज मी परत करते.”

संजीवने झटकन मान वर केली. “ताई, नाही.”

“मी तुला विचारलेलं नाही.”

डीन पुढे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “एका क्षणापूर्वी तुम्ही याला शिक्षा केलीत. आता बक्षीस देता? याला लोक काय म्हणतील?”

“शिक्षा या टेकडीच्या पाण्याची होती. ती तशीच आहे, उद्याची त्याची बारी गेलेलीच आहे. मी देते आहे ते माझ्या वाट्यातलं. टाकीतून थेंबभरही जास्त जाणार नाही. हवं तर मीटरपाशी उभे राहा.”

“मला मीटरचं पडलेलं नाही.” डीन थोडा घुटमळला. तो वाईट माणूस नव्हता. “तुमचा वाफा या उन्हात आठवडाभर तग धरणार नाही. शरदात समितीपुढे काय ठेवणार आहात, डॉक्टर? त्या वाफ्याखेरीज तुमच्याकडे फार काही नाही, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही.”

“माहीत आहे,” सुनेत्रा म्हणाली.

तिने हे अगदी साधेपणाने म्हटले. तीन वर्षांच्या पहाटा, हिवाळ्यात बर्फ फोडून काढलेले नमुने, प्राध्यापकांच्या चहाच्या खोलीतले ते हसणे. हे सगळे एका संध्याकाळी वाळून जाणार होते. पण बाप दारातून परत आलेले पोते खांद्यावर घेऊन अंगणात कसा उभा होता, ते तिने पाहिले होते. ते डीन व्हिटकोमला कसे समजवायचे?

संध्याकाळी, उन्हे उतरायला लागली तेव्हा, वाफ्यापाशी बरीच मंडळी जमली होती. डीनही आला होता, जाकीट हातावर घेऊन. ब्रायनने वाफ्याच्या नळाला रबरी नळी जोडून ती ग्रीनहाउसच्या दारातून आत नेली. सीमा मीटरपाशी गुडघ्यांवर बसली. सुनेत्राने जमिनीतल्या झाकणात चावी उतरवली, दोन्ही हातांनी आडवी मूठ धरली आणि जोर लावला. व्हॉल्व्ह कुरकुरला, मग फिरला.

“चालू झालं,” सीमा म्हणाली.

आत संजीव नळीचे तोंड धरून कुंडी-कुंडीला पाणी घालत होता. त्याचा चेहरा कोरडा नव्हता, पण ग्रीनहाउसच्या उकाड्यात घाम कोणता आणि दुसरे काय, हे सांगणे अवघड होते. दोन रांगा झाल्या, तीन झाल्या. सुनेत्राच्या मागे बोरू वाऱ्यावर सळसळत होते. तिने मागे वळून पाहिले नाही.

चौथ्या रांगेपाशी संजीवने आतून ओरडून सांगितले, “ताई, बस! पुरे एवढं! आऱ्या शिरतील आता. उरलेलं वाफ्याला घाला!”

“किती झालं?” सुनेत्राने विचारले.

“निम्म्याहून थोडं जास्त,” सीमा म्हणाली.

“मग अजून चालू आहे.”

“ताई, मला खरंच नको!” संजीव नळी हातात घेऊन दारात आला. पाणी त्याच्या बुटांवर पडत होते. “तुमचा वाफा जाईल. मला कळलं, मी चुकलो. निम्मं द्या, निम्मं ठेवा. अप्पांना चाललं असतं.”

“अप्पांनी निम्मी दिली नव्हती,” सुनेत्रा म्हणाली. “निम्मी दिली असती तर त्यांचाही गहू थोडा उभा राहिला असता. पुरी दिली म्हणून सगळा करपला. तेव्हा पुरी घे, आणि ती नळी खाली धर, वाया चाललंय.”

संजीव मग आत गेला. पाचवी रांग भिजली, सहावी भिजली. जिथे रोपे नव्हती, तिथल्या रिकाम्या मातीतही त्याने पाणी सोडले, कारण तीही बारी होती आणि सुनेत्रा चावीवरचे हात ढिले करत नव्हती. डीनने जाकीट गवतावर ठेवले होते.

“संपलं,” शेवटी सीमा म्हणाली. “एक्झॅक्टली. पुरा वाटा.”

सुनेत्राने मूठ उलट फिरवली. नळीतले पाणी बारीक झाले, थेंबांवर आले आणि थांबले. ती चावीवर हात टेकून उभी राहिली. तिला एकाएकी फार थकल्यासारखे झाले.

संजीव बाहेर आला. चिखलाने भरलेले हात त्याने पँटला पुसले नाहीत. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि गावात पाटावर उभे राहून जसे सर्वांना ऐकू जाईल असे सांगत, तसे मोठ्याने म्हणाला, “एकनाथ देवऱ्यांकडची बारी पोचली. पुरी पोचली. अहिररावांचं देवऱ्यांकडे आता काही येणं नाही.”